बांधाचा वाटा

समुद्र माणसांशी बोलत असे आणि माणसे त्याचे मुकाट्याने ऐकून घेत असत, अशा फार जुन्या काळी एका खाडीच्या काठी एक लहानसे राज्य होते. त्या राज्याची ही गोष्ट लहानांनी मन लावून ऐकावी. मोठ्यांनी ऐकत नसल्याचे दाखवत ऐकली तरी चालेल.

हे राज्य मोठ्या चमत्कारिक जागी वसले होते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढे, ते भाताच्या शेतांहूनही उंच होई. शेत खाली आणि समुद्र वर, असा तो उलटा संसार. दोघांच्या मध्ये उभा होता एक मातीचा बांध. त्या बांधाला एका ठिकाणी लाकडी दार होते. त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की उघाडी उघडायची आणि शेतांतले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे. भरती आली की ती घट्ट मिटून घ्यायची. एवढ्या एका बांधावर आणि एवढ्या एका दारावर त्या राज्याचे अन्न अवलंबून होते.

बांध राखायला बांधकरी होते. त्यांनी शेती करायची नाही, रात्रंदिवस बांधच पाहायचा. त्यांचे पोट भरावे म्हणून प्रत्येक घराने सुगी झाली की दहा पायलीतली एक पायली भात राजाच्या कोठारात घालायचे. याला म्हणत बांधाचा वाटा. याच वाट्यावर वैद्याच्या घरची चूल पेटे, म्हणून वैद्य औषधाचे दाम मागत नसे. याच वाट्यावर गोड्या पाण्याचे तळे दरवर्षी उपसले जाई.

वाटा देण्याची रीतही पाहण्यासारखी होती. प्रत्येक घराने भात टोपलीतून आणायचे, कोठारात ओतायचे, आणि ती टोपली रिकामी घरी न्यायची नाही. तिच्यात खाडीकाठचा चिकण चिखल भरायचा, तो बांधावर टाकायचा आणि मगच घरची वाट धरायची. पहिली टोपली राजाची. राजवाड्यालाही शेत होते आणि राजवाड्यालाही वाटा माफ नव्हता. त्यामुळे तेथील पोर न्‌ पोर पाहुण्याला बांधावर नेऊन छाती पुढे काढून सांगे, "या बांधात आमची टोपली आहे."

त्या राज्याचा राजा वारला आणि त्याची एकुलती एक मुलगी गादीवर बसली.

राणी वयाने लहान होती, बुद्धीने तल्लख होती आणि बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. राज्याभिषेकाच्या वेळी रीतीप्रमाणे तिने बांधाच्या मातीत हात घालून शपथ घेतली, "मी आहे तोवर खारे पाणी आत येऊ देणार नाही." शपथ घेताना तिचा आवाज कापला नाही. परंतु मनात एक सल होता. तिचे वडील करडे गृहस्थ होते. त्यांच्या राज्यात कुणाचे शेत खारावले नाही, पण त्यांच्या नावाने कुणी जयजयकारही केला नाही. लोक त्यांना पाहून आदराने उभे राहत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. राणीला वाटे, आपल्याला पाहून लोकांनी नुसते उभे राहू नये. त्यांचे चेहरे फुलावेत.

हे तिच्या कारभाऱ्याने अचूक ओळखले. मनातले ओळखणारी माणसे दरबारात पुष्कळ असतात. मनात नसलेले सांगणारी थोडी.

"सरकार," तो म्हणाला, "बांधाचा वाटा माफ करून टाका. उभे राज्य डोक्यावर घेऊन नाचेल."

वृद्ध प्रधान दचकले. राणीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले होते. ते म्हणाले, "राणीसाहेब, वाटा माफ केला तर बांधाची दुरुस्ती कशी होणार?"

"प्रधानकाका, बांध कधी फुटला होता?"

"माझ्या हयातीत नाही."

"तुमच्या वडिलांच्या?"

"त्यांच्याही नाही."

राणी हसली. "मग न मोडलेल्या वस्तूची तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्ती करता तरी कशी?"

दरबारात हशा पिकला. प्रधान म्हणाले, "दुरुस्ती होते म्हणूनच तो—" पण हशा थांबला तेव्हा त्यांचे वाक्य कुणाला ऐकू आले नव्हते.

दवंडी पिटली गेली. बांधाचा वाटा माफ! त्या दिवशी राणीने आयुष्यात प्रथमच आपल्या नावाचा जयजयकार ऐकला. तो तिला मधासारखा गोड लागला. लोकांनी तिला 'दयाळू राणी' अशी पदवी दिली. कारभाऱ्याने कोठारात शिल्लक असलेले भात विकून वेशीवर एक मोठी कमान उभारली आणि तिच्यावर तांब्याच्या ठसठशीत अक्षरांत ती पदवी बसवली. जाता-येता राणी मान वर करून ती वाचत असे.

बांधकरी कामाधंद्याला परमुलखात गेले. वैद्याने आधी दाम मागितले आणि मग बिऱ्हाडच हलवले. तळ्यात शेवाळ साचले. पण घरोघरी कणग्या भरलेल्या होत्या. भरल्या कणगीजवळ बसून उद्याची काळजी कुणी करत नाही.

तरीही शेतकरी हा शेतकरीच. बांधाकडे आता कुणी पाहत नाही हे त्याला दिसत होते. सगुणाबाई नावाची एक कुळंबीण होती, जिभेने तिखट आणि कामाने वाघीण. तिने वाचलेले भात मजुरांना घालून आपल्या शेताभोवतीची मेर, म्हणजे मातीची कड, चांगली कमरेइतकी उंच करून घेतली. पाणी जाण्यासाठी मेरेत तोंड असे, तेही तिने बुजवले.

शेजारी म्हणाला, "अगं सगुणे, तुझ्या मेरेपायी माझ्या खाचरात पाणी तुंबलं."

"मग तूही घाल मेर! तुला कुणी नको म्हटलंय? तुझं भात काय उंदरांना घालायचं ठेवलंयस?"

शेजाऱ्यानेही घातली. मग त्याच्या शेजाऱ्याने. ज्याची ऐपत मोठी त्याची मेर उंच, ज्याची बेताची त्याची ठेंगणी. पूर्वी पावसाचे पाणी या शेतातून त्या शेतात, असे वाहत वाहत उघाडीपर्यंत जाई. आता प्रत्येक शेत एक बंद डबा झाले. सर्वांत उंच मेर अर्थातच राजशेताची होती. ते शेत अगदी शेवटी, उघाडीला लागून होते. "सरकारांच्या शेताला शोभेल अशीच हवी," असे म्हणून कारभाऱ्याने ती पुरुषभर उंच बांधली होती.

एका चैत्रात उन्हे कलल्यावर राणी बांधावरून एकटीच चालत होती. तेथून तिला आपली कमान दिसे. ती कौतुकाने पाहत उभी असताना पायांखालून आवाज आला,

"जरा पलीकडे सरता का, राणीसरकार? आमच्या माडीवर उभ्या आहात."

राणीने खाली पाहिले. बांधाच्या भोकातून एक जाडजूड म्हातारी कुर्ली आपले नांगे सावरत बाहेर आली होती.

"तुझी माडी?" राणी म्हणाली. "खेकड्याच्या जातीने तोंड सांभाळून बोलावे. हा माझा बांध आहे."

"होता खरा तुमचा," कुर्ली म्हणाली. "तुमच्या वडिलांच्या राज्यात आमचे काय हाल होते म्हणून सांगू! रोज सकाळी तो मेला बांधकरी यायचा, काठीने टोचून टोचून बिळं शोधायचा, आणि चिखलाचा गोळा थेट दारात ठोकून जायचा. पोराबाळांना घेऊन राहायचं कसं? आता देवदयेनं सगळं यथास्थित आहे. मी या तोंडाने शिरते ती खाडीकडच्या तोंडाने निघते. थोरल्या लेकीचं बिऱ्हाड वर, धाकटीचं खाली. पुतण्याने तर यंदा ऐसपैस ओसरी काढली."

राणीने वाकून भोकात पाहिले. "अशी किती बिऱ्हाडे आहेत?"

"कोण मोजतो! आम्हांला थोडाच घरागणिक वाटा भरायचाय?" कुर्ली नांगा हलवून हसली. "बरं, एक सांगायचं राहिलंच. आमच्यातही रोज तुमच्या नावाचा जयजयकार होतो हो. माणसं एक वेळ थकतील. आम्ही थकणार नाही."

एवढे बोलून ती आपल्या माडीत निघून गेली.

राणी तशीच माघारी फिरली. माणसांचा जयजयकार आणि खेकड्यांचा जयजयकार एकाच कारणासाठी होत असेल, तर त्या कारणात काही खोट असली पाहिजे, हे समजण्याइतकी ती शहाणी होती. तिने कारभाऱ्याला विचारले, "बांधकरी परत आणायला कोठारात भात आहे का?" कारभाऱ्याने कमानीकडे बोट दाखवले.

"मग वाटा पुन्हा मागावा लागेल."

"मागा की," कारभारी म्हणाला. "फक्त कमानीवरची अक्षरे आधी उतरवून ठेवू."

हा टोमणा राणीला झोंबला. तरीही अक्षय्यतृतीयेला तिने वेशीवर सभा भरवली. 'वाटा पुन्हा द्यावा लागेल', एवढे एकच वाक्य तिला बोलायचे होते. परंतु ती दिसताच लोकांनी जयजयकार केला. एका म्हातारीने तिची दृष्ट काढली. कुणी हार घातला. ते वाक्य राणीच्या ओठांपर्यंत आले आणि हाराच्या वासात विरघळून गेले. "सर्वांनी सुखात असा," एवढेच बोलून ती परतली. प्रधान वाटेभर बांधाकडे पाहत चालले. ते पाहणे तिला जयजयकाराहून अधिक ऐकू आले. पण तिने मनाची समजूत घातली की यंदाचे पीक निघू दे, मग पाहू.

समुद्राला मात्र पीक निघेपर्यंत थांबण्याचे काही कारण नव्हते.

भाद्रपदातल्या अमावास्येला, भर दुपारी, खाडीला उधाण आले. भात निसवलेले होते, लोंब्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. वारा सुटला, पाणी बांधाच्या माथ्याला लागले, आणि कुर्लीच्या माडीपाशी बांध आतल्या आत खचून त्याला खांड पडली. बैलगाडी सहज जाईल एवढ्या त्या खिंडारातून खारे पाणी फेसाळत आत शिरले. ते कुणाच्या मेरेला विचारत बसले नाही. ठेंगण्या मेरा बुडाल्या, मध्यम बुडाल्या, सगुणाबाईची कमरेइतकीही बुडाली. कोरडे राहिले ते एकटे राजशेत.

राणी धावत बांधावर आली तेव्हा ओहोटी लागली होती. उधाण उतरले, पण शेतांतले पाणी उतरेना. खांड वरच्या अंगाला पडली होती, त्यामुळे आत आलेल्या पाण्याला तेथून परतायला वाट नव्हती. बाहेर जाण्याचा रस्ता एकच, तो खाली उघाडीकडे. आणि उघाडीपर्यंत पोचायचे तर प्रत्येक मेर आडवी येत होती. पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या मेरा आता त्यालाच आत धरून बसल्या होत्या.

त्या मुलखातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट जन्मापासून ठाऊक असते. खारे पाणी आले आणि ओसरले, तर वरचा पाऊस शेत धुऊन काढतो, अर्धेमुर्धे तरी पीक हाती लागते. पण ते पाणी पुढच्या भरतीपर्यंत मुरले, वर दुसरी भरती चढली, तर मीठ जमिनीच्या पोटात उतरते आणि शेत कित्येक वर्षे वांझ होते. पुढची भरती दिवस मावळताना लागायची होती आणि मध्यरात्री भरात यायची होती.

लोक आपापल्या मेरेवर कुदळी घेऊन उभे होते. पण कुणी कुदळ मारीना.

"सगुणे, आधी तू मेर फोड."

"मी फोडू? म्हणजे वरच्या आळीचं सगळं मीठ माझ्या खाचरात! शहाणाच आहेस. खालच्यांना सांग आधी."

"आणि आम्ही फोडून उपयोग काय?" खालचा ओरडला. "पाणी जायचं कुठं? पुढं ती भिंत उभी आहे."

त्याने हात केला तिकडे राणीने पाहिले. पुढे राजशेताची पुरुषभर उंच मेर उभी होती. तिच्यापलीकडे हिरवेगार भात वाऱ्यावर डुलत होते आणि त्याच्यापलीकडे उघाडी होती.

राणीने हात पुढे केला. "कुणी कुदळ देता का?"

कारभारी आडवा आला. "सरकार, एवढे एक शेत वाचले आहे. ते तरी राहू द्या!"

"ते वाचले आहे म्हणूनच बाकीची बुडाली आहेत, कारभारी. बाजूला व्हा."

प्रधानांनी उघाडीचे दार उघडवले. राणीने पदर खोचला आणि राजशेताच्या मेरेवर पहिला घाव घातला. तिला कुदळ धरता येत नव्हती. घाव वेडेवाकडे पडत होते, हातांना फोड येत होते. लोक नुसते पाहत राहिले. मग कुणीतरी तिच्या शेजारी येऊन घाव घालू लागले. ती सगुणाबाई होती.

"अशी नव्हे, सरकार. वरनं धरा. माती मऊ आहे, राजवाड्यातल्या गादीसारखी," ती म्हणाली. आणि लगेच मागे वळून गरजली, "बघता काय मेल्यांनो! राणीनं आपल्या भातावर पाणी सोडलं, तुमच्या मेरा काय सोन्याच्या आहेत?"

राजशेताची मेर फुटली. खारे पाणी लोंब्यांवरून धावत उघाडीकडे गेले आणि ओहोटीबरोबर खाडीत पडले. राणीने एकदाच तिकडे पाहिले, मग पाहिले नाही. तिच्यामागे एकेक मेर फुटत गेली आणि पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात, जुन्या वाटेने, वाहू लागले.

शेते मोकळी झाली, पण खांड उघडीच होती, आणि भरती परतायची होती. राणी खांडीच्या कडेला उभी राहिली. अंगावर चिखल होता, डोक्यावर पदर नव्हता. अक्षय्यतृतीयेला जे वाक्य बोलता आले नाही, ते ती आता सर्वांना ऐकू जाईल असे बोलली.

"मी शपथ मोडली आहे. वाटा माफ करताना मला तुमचे सुख हवे होते, असे मी म्हणत आले. खरे म्हणजे मला तुमचा जयजयकार हवा होता. आज मी तुमच्याकडे बांधाचा वाटा मागते आहे. आणि यंदा एका पायलीने भागायचे नाही. बांध उभा राहीपर्यंत दोन लागतील."

एक जण पुटपुटला, "माफ केलेलं परत मागायचं म्हणजे..."

सगुणाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "सरकार, एक विचारते, रागावू नका. आमच्या भाताची पुन्हा कमान तर व्हायची नाही ना?"

कारभारी खाली पाहू लागला. राणीने मात्र मान खाली घातली नाही. "बांधाचा वाटा बांधाला, वैद्याला आणि तळ्याला. आणि तो कुठे गेला हे तू येऊन विचारायचे, मी उत्तर द्यायचे."

"मग मागायला एवढा उशीर कशाला केलात?" सगुणाबाई म्हणाली. "माझ्या आजेसासूची टोपली माळ्यावर पडून पडून भुगा व्हायची वेळ आली! आमच्या घरची टोपली बांधाला लागली नाही, याची लाज आम्हांला काय कमी वाटत होती?"

ती घराकडे धावली. तिच्यामागे सगळे धावले. घटकाभरात उभे राज्य टोपल्या घेऊन खांडीपाशी लोटले. सुना आल्या, सासवा आल्या, सावकार आले आणि त्यांची कुळेही आली. मेरा फोडून निघालेली मातीच टोपल्यांत भरली गेली. जी माती शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडत होती, ती एकाच ठिकाणी पडू लागली. पहिली टोपली राणीने टाकली. प्रधानांच्याने टोपली उचलवेना, तेव्हा त्यांनी ओंजळीने चिखल टाकला. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा भरती लागली आणि प्रधानांनी उघाडी घट्ट मिटवून घेतली. मध्यरात्री भरती खांडीच्या नव्या मातीवर येऊन आदळली, पुन्हा आदळली, आणि गुरगुरत माघारी गेली.

त्या वर्षी पीक अर्ध्याहून कमी आले. राजशेतात तर एक दाणा धरला नाही. पण कुणाची जमीन वांझ झाली नाही.

वाट्याचा दिवस उगवला. राजवाड्याच्या शेतात काही पिकले नव्हते, तरी पहिली टोपली राजवाड्याचीच होती. राणीने आपल्या गळ्यातला हार विकून भात आणले होते. कमानीवरची तांब्याची अक्षरे तिने स्वतः उभी राहून उतरवली आणि त्यांच्या बिजागऱ्या करून उघाडीच्या दाराला बसवल्या. बांधकरी परत आले. वैद्याच्या घरची चूल पेटली. म्हाताऱ्या कुर्लीच्या दारात एका सकाळी चिखलाचा गोळा बसला, तेव्हा ती आतून करवादली, "झाला वाटतं वाटा पुन्हा सुरू!"

कर कधी कुणाला गोड लागला आहे का? त्याही राज्यात लागला नाही. लोक भात मापताना कुरकुरत, आणि मापून झाल्यावर ताठ मानेने टोपली डोक्यावर घेत. सगुणाबाई दरवर्षी राजवाड्यात जाऊन हात नाचवत वाट्याचा जाब विचारी, आणि राणी दरवर्षी तिला बसायला पाट देऊन उत्तर देई.

पुढे राणी म्हातारी झाली. तिच्या नावाचा जयजयकार पुन्हा कुणी केला नाही. ती बांधावरून जाऊ लागली की लोक काम थांबवून आदराने उभे राहत आणि पुन्हा कामाला लागत. असेच ते तिच्या वडिलांसाठी उभे राहत असत. हे तिच्या लक्षात आले त्या दिवशी ती खांड बुजवलेल्या जागी थांबली. सोबत परमुलखातला एक राजदूत होता. त्याने विचारले, "राणीसाहेब, आपल्या नावाचे एखादे स्मारक येथे दिसत नाही?"

राणीने पायांखालच्या मातीकडे बोट दाखवले आणि छाती पुढे काढून म्हणाली, "या बांधात आमची टोपली आहे."

तात्पर्य : आपला वाटा वाचवून आपले शेत वाचत नाही, सर्वांचा वाटा पडतो आणि तो योग्य जागी पडतो, तेव्हाच प्रत्येकाचे शेत वाचते.